न ऐकलेली नदी : बेद्रिख स्मेताना

पाश्चात्य संगीताचा विषय निघाला की आपल्याकडे बेथोव्हेन आणि मोझार्ट या दोन नावांच्या पुढे सहसा कोणी जात नाही. बेथोव्हेनचे बहिरेपण तर शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्याच्यानंतर अर्धशतकाने आणखी एका थोर स्वरकारावर तोच घाला पडला, आणि त्याने तो घालाच आपल्या रचनेत आणून बसवला, ही हकीकत आपल्या वाचकांना फारशी परिचित नसावी. बेद्रिख स्मेताना हे त्याचे नाव. चेक लोक त्याला आपल्या राष्ट्रीय संगीताचा जनक मानतात.

स्मेतानाचा जन्म २ मार्च १८२४ रोजी बोहेमियातील लितोमिशल या गावी झाला. वडील बिअर तयार करण्याचा व्यवसाय करीत आणि हौसेने व्हायोलिन वाजवीत. मुलाने सहाव्या वर्षीच जाहीर कार्यक्रमात पियानो वाजवला. बोहेमिया त्या काळी ऑस्ट्रियन साम्राज्यात होता. शाळा, कचेरी आणि प्रतिष्ठित घरे यांची भाषा जर्मन होती. स्मेतानाचे सारे शिक्षण जर्मनमधून झाले आणि आपली रोजनिशीही तो कित्येक वर्षे जर्मनमध्येच लिहीत असे. वयाची पस्तिशी उलटल्यावर त्याने चेक भाषा निश्चयाने लिहायला घेतली, तेव्हा तिच्या शुद्धलेखनात तो चुकत असे आणि त्याची त्याला लाज वाटे. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणाऱ्या आपल्यासारख्यांना या लाजेचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

सन १८४३ मध्ये तो प्रागला आला तो जवळजवळ रिकाम्या खिशाने. योझेफ प्रोक्श या अंध गुरूकडे रचनाशास्त्राचा अभ्यास, एका सरदार घराण्यातील मुलांची शिकवणी आणि १८४८ च्या उठावाच्या धामधुमीत काढलेली स्वतःची संगीतशाळा, असा त्याचा प्रवास झाला. १८४९ मध्ये काटेरिना कोलारोवा हिच्याशी त्याचा विवाह झाला. ती स्वतः उत्तम पियानोवादक होती. त्यांना चार मुली झाल्या. त्यांतील तीन १८५४ ते १८५६ या अवघ्या दोन वर्षांत गेल्या. थोरली बेद्रिश्का साडेचार वर्षांची होती. तिच्यात संगीताची विलक्षण जाण दिसू लागली होती. १८५५ च्या सप्टेंबरात तिला लोहितज्वराने नेले.

त्या दुःखातून स्मेतानाने काही आठवड्यांतच पियानो, व्हायोलिन आणि चेलो या तीन वाद्यांसाठी एक रचना लिहिली. तिची सुरुवात एकट्या व्हायोलिनने होते. खालच्या जाड तारेवर, दुसऱ्या कोणाची साथ न घेता. प्रागच्या समीक्षकांनी तिचे थंडे स्वागत केले, मात्र पुढे फ्रान्झ लिस्ट याने ती ऐकून मनापासून वाखाणली. स्वतःच्या आयुष्यातील घटना वाद्यांकडून वदवण्याचा स्मेतानाचा हा पहिला मोठा प्रयत्न होय.

येथे थोडे विषयांतर करावे लागेल. आपला सतारिया वा सनईवाला रागाचा विस्तार त्या क्षणी, श्रोत्यांच्या समोर करतो. त्यात त्याच्या मनःस्थितीची छाया पडत असेल, पण रागाचा भाव हा रागाचा असतो. वादकाची मुलगी गेली म्हणून मारवा बदलत नाही. युरोपातील स्वरकाराची रीत निराळी आहे. तो मैफलीच्या कितीतरी आधी एकांतात बसून प्रत्येक वाद्याचा प्रत्येक स्वर कागदावर उतरवतो आणि दुसरे लोक तो वाजवतात. म्हणजे रचना प्रथम वाजते ती त्याच्या मनात. बहिरा माणूस संगीत कसे लिहू शकतो, या प्रश्नाचे निम्मे उत्तर यातच आहे.

सन १८५६ मध्ये स्मेताना उपजीविकेसाठी स्वीडनमधील यॉतेबोर्ग येथे गेला. पत्नीला तेथील हवा मानवली नाही. १८५९ मध्ये मायदेशी परतताना वाटेतच, ड्रेस्डेन येथे, तिचा अंत झाला. पुढे त्याने दुसरा विवाह केला. १८६१ मध्ये तो प्रागला परतला तेव्हा चेक राष्ट्रीय चळवळीला भरती आली होती. ‘विकलेली वधू’ ही त्याची संगीतिका १८६६ मध्ये रंगभूमीवर आली, त्याच वर्षी तो तेथील चेक रंगमंदिराचा प्रमुख संगीतसंचालक झाला आणि त्याबरोबर शत्रूंचाही धनी झाला. तो वाग्नेरच्या नादी लागून चेक संगीत बिघडवीत आहे, असा त्याच्यावरचा मुख्य आरोप होता. या वादाची हकीकत लांबलचक असून आज तिच्यात फारसे स्वारस्य उरलेले नाही.

१८७४ च्या उन्हाळ्यात त्याच्या कानांत आवाज घुमू लागले. ऑक्टोबरात एके सकाळी तो उठला तो पूर्ण बहिरा होऊन. वयाच्या पन्नासाव्या वर्षी संगीतसंचालकाची जागा गेली. वैद्यांनी त्याला बंद खोलीत, सर्व आवाजांपासून दूर ठेवून पाहिले. गुण आला नाही.

आणि याच सुमारास त्याने ‘मा व्लास्त’, म्हणजे ‘माझा देश’, या सहा वाद्यवृंदरचनांच्या मालेला हात घातला. पहिली रचना व्हिशेराद या प्रागजवळच्या पुराणप्रसिद्ध कड्याविषयीची; ती १८ नोव्हेंबर १८७४ रोजी पुरी झाली. लगेच दोन दिवसांनी दुसरी सुरू झाली आणि ८ डिसेंबरला संपलीही. अवघ्या एकोणीस दिवसांत लिहिलेली ही रचना म्हणजे ‘व्लतावा’. प्रागमधून वाहणाऱ्या नदीचे हे नाव. शुमावाच्या डोंगराळ रानात, दोन ओढ्यांचा संगम होतो अशा ठिकाणी, तो १८६७ मध्ये जाऊन आला होता. ते पाणी त्याने तेव्हा कानांनी ऐकले होते. लिहिताना कानांत फक्त आजाराची घरघर होती. दोन बासऱ्या पहिला झरा सुरू करतात, क्लॅरिनेट दुसरा आणून मिळवतात, मग व्हायोलिनांवर नदीची ती विख्यात धून येते. शिकाऱ्यांची शिंगे, काठावरच्या लग्नातला पोल्का नाच, चांदण्यातल्या जलपऱ्या, खडकांवर फुटणारा लोंढा असे करीत नदी व्हिशेरादच्या पायथ्याशी येते आणि पुढे दूर निघून जाते. जलपऱ्या कोणी पाहिलेल्या नसतात, आणि लग्नाच्या वाजंत्री त्याला आता कधीच ऐकू येणार नव्हत्या. रचनेत मात्र दोन्ही सारख्याच खऱ्या वाटतात.

१८७६ मध्ये पैशाच्या विवंचनेमुळे तो प्राग सोडून याब्केनित्से या खेड्यात, हयात असलेली मुलगी झोफिए हिच्या घरी राहायला गेला. जावई वनाधिकारी होता. तेथे त्या वर्षअखेर त्याने दोन व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो या चार वाद्यांसाठी ‘माझ्या जीवनातून’ ही रचना लिहिली. पहिल्या भागात तारुण्याची ओढ आणि पुढील अरिष्टाची चाहूल, दुसऱ्यात त्याच्या नाचरंगाच्या दिवसांतला पोल्का, तिसऱ्यात काटेरिनाची आठवण. चौथा भाग आनंदाने धावत असतो. चेक संगीताला आपली वाट सापडली हा तो आनंद. एकाएकी सारे थांबते. खालची वाद्ये कापऱ्या आवाजात कुजबुजतात आणि त्यांच्यावर पहिल्या व्हायोलिनचा एकच अतिउंच, टोकदार स्वर लांबत राहतो. हाच कानात शिरलेला बहिरेपणा. त्यानंतर मागल्या आठवणी एकेक करून येतात आणि विझतात.

जाणकारांनी नोंदवलेली एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. रचनेतला तो उंच स्वर युरोपीय स्वरलिपीत ‘ई’ आहे. स्मेतानाला आजाराच्या प्रारंभी रोज संध्याकाळी जो कर्णकर्कश आवाज छळत असे, तो मात्र एकटा स्वर नव्हताच. तो वेगळ्याच, ‘ए फ्लॅट’च्या स्वरसमूहाचा, शिटीसारखा नाद होता. आपल्या व्याधीची हुबेहूब नक्कल त्याने केली नाही. ई स्वराच्या रचनेत जो स्वर काळजात घुसेल तो त्याने निवडला. प्रस्तुत लेखकाला विचाराल तर स्मेतानाचे थोरपण त्याने भोगलेल्या दुःखात शोधू नये, या निवडीत शोधावे.

प्रागच्या एका संगीतमंडळाने ही रचना वाजवण्यास दुर्घट आणि रीतीला सोडून आहे म्हणून नाकारली. १८७८ मध्ये ती खासगी बैठकीत वाजली, तेव्हा व्हिओलावर होता अंतोनिन द्वोर्झाक, एके काळी स्मेतानाच्याच वाद्यवृंदातील वादक. जाहीर प्रयोग २९ मार्च १८७९ रोजी झाला. ‘मा व्लास्त’ची सहाही पुष्पे प्रथम एकत्र सादर झाली ती ५ नोव्हेंबर १८८२ रोजी. स्मेताना सभागृहात हजर होता. लोकांचे हात त्याला दिसत होते.

अखेरच्या काळात वैद्यांनी त्याला सलग लिहिण्यास बंदी केली होती, कारण थोडे लिहिताच विचारांची साखळी तुटे. तरी १८८३ मध्ये त्याने चार तंतुवाद्यांची आणखी एक रचना पुरी केली. तिच्यात सूर मध्येच तुटतात, दिशा बदलतात. तिला आजारी मनाची निर्मिती म्हणून बाजूला सारणारे पुष्कळ निघाले. पुढल्या शतकातील श्रोत्यांना मात्र ती परकी वाटली नाही.

१८८४ च्या एप्रिलमध्ये त्याला प्रागच्या मनोरुग्णालयात ठेवावे लागले. १२ मे रोजी तेथेच त्याचा अंत झाला. त्याला व्हिशेरादच्या दफनभूमीत पुरले आहे, त्याच कड्यावर, आणि खालून व्लतावा वाहते. १९५२ पासून प्रागचा वसंत संगीतोत्सव त्याच्या पुण्यतिथीला ‘मा व्लास्त’ने सुरू करण्याचा प्रघात पडला.