स्नायू प्रोटीनवरच चालतात, असं जगाला सांगणारे लीबिग नेमके कुठे चुकले?

जिम सुरू केली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, प्रोटीन किती घेतोस? स्नायू वाढवायचे तर प्रोटीन आणि ताकद हवी तरी प्रोटीन, हे समीकरण आपल्या डोक्यात फिट बसलंय. यातला पहिला भाग बरोबर आहे. दुसरा भाग मात्र दीडशे वर्षांपूर्वीच खोटा ठरलाय. आणि हे दोन्ही भाग जगाच्या गळी उतरवण्यात एका माणसाचा मोठा वाटा होता, जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टस फॉन लीबिग.

रंगाच्या दुकानातून प्रयोगशाळेत

लीबिग यांचा जन्म १२ मे १८०३ चा, जर्मनीतल्या डार्मश्टाट शहरातला. वडिलांचं रंग आणि रसायनांचं दुकान होतं, त्यामुळे पोराचे प्रयोग लहानपणीच सुरू झाले. १८१५ मध्ये इंडोनेशियात तंबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. पिकं गेली, लोकांची उपासमार झाली. लीबिग तेव्हा १३ वर्षांचे होते. पुढे त्यांच्या कामाचा मोठा भाग अन्नाभोवतीच फिरला.

पॅरिसमध्ये शिकून आल्यावर १८२४ मध्ये, वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षी ते गीसेन विद्यापीठात प्राध्यापक झाले. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने प्रयोग करायचे, ही त्यांच्या प्रयोगशाळेची पद्धत. ती इतकी गाजली की परदेशातूनही मुलं शिकायला येऊ लागली. आज त्या विद्यापीठाला लीबिग यांचंच नाव आहे.

प्रोटीन म्हणजे इंधन?

प्रोटीन हा शब्द १८३८ मध्ये डच शास्त्रज्ञ मुल्डर यांच्या लेखातून जगासमोर आला. पहिला, सगळ्यात महत्त्वाचा अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो घेतला होता. लीबिग यांनी १८४२ च्या पुस्तकात त्यावर अख्खा सिद्धांत उभा केला.

त्यांच्या मते अन्न दोन प्रकारचं. स्टार्च, साखर आणि चरबी शरीराला ऊब देण्यासाठी जळतात. प्रोटीन शरीर बांधतं. इथपर्यंत ठीक. पण काम करताना स्नायू स्वतःच खर्च होतात आणि ती झीज फक्त प्रोटीन भरून काढतं, असंही त्यांनी मांडलं. म्हणजे जितके कष्ट जास्त, तितकं मांस जास्त. यात तर्क जास्त आणि प्रयोग कमी होते. पण नाव लीबिग यांचं होतं, त्यामुळे अनेकांनी ते मान्य केलं.

डोंगरावर लागला निकाल

हे तपासायचं कसं? प्रोटीनमध्ये नायट्रोजन असतो. शरीरात प्रोटीन मोडलं की तो लघवीवाटे बाहेर पडतो. त्यामुळे लघवीतला नायट्रोजन मोजला की किती प्रोटीन खर्च झालं ते कळतं.

३० ऑगस्ट १८६५ रोजी झुरिकचे दोन प्राध्यापक, फिक आणि विस्लिसेनुस, स्वित्झर्लंडमधला फाउलहॉर्न डोंगर चढले. चढाई सुमारे २००० मीटरची. आदल्या दिवसापासून दोघांनी प्रोटीन बंद केलं होतं. खाणं काय, तर चरबीत तळलेल्या स्टार्चच्या टिक्की आणि जोडीला गोड चहा. वाटेत त्यांनी लघवी गोळा केली आणि नंतर हिशेब मांडला. खर्च झालेल्या प्रोटीनमधून एवढा डोंगर चढण्याची ऊर्जा मिळणं शक्यच नव्हतं. स्नायू मुख्यतः चरबी आणि कर्बोदकांवर चालले होते. पुढच्याच वर्षी फ्रँकलंड यांनी अन्नपदार्थ जाळून त्यांची उष्णता मोजली आणि हा निष्कर्ष पक्का झाला.

बरणीतलं मांस

गंमत बघा, त्याच १८६५ मध्ये लंडनमध्ये लीबिग यांच्या नावाची कंपनी सुरू झाली. दक्षिण अमेरिकेत कातड्यासाठी गुरं मारली जात आणि मांस वाया जाई. उरुग्वेतल्या फ्राय बेंटोस इथे त्या मांसाचा अर्क काढून बरण्या युरोपात जाऊ लागल्या. १ किलो अर्काला सुमारे ३० किलो मांस लागायचं. पण अर्क काढताना बहुतेक प्रोटीन मागेच राहायचं. म्हणजे ज्या घटकाला लीबिग यांनी सगळ्यात वर बसवलं, तोच बरणीत जेमतेम होता. चव होती, पोषण फारसं नव्हतं. टीका झाली, तरी खप सुरूच राहिला.

१८७० मध्ये लीबिग यांनी स्नायूंबद्दलच्या आपल्या मतातला काही भाग मागे घेतला. १८ एप्रिल १८७३ रोजी म्युनिकमध्ये त्यांचं निधन झालं.

मग आज काय खरं?

प्रोटीन शरीर बांधतं, हे लीबिग यांचं म्हणणं टिकलं. स्नायूंमधलं प्रोटीन रोज थोडं मोडतं आणि रोज नव्याने बनतं. व्यायाम त्याला वाढायचा इशारा देतो, प्रोटीन माल पुरवतं. नुसता माल येऊन पडला आणि कामच निघालं नाही, तर स्नायू वाढत नाहीत.

आयसीएमआरच्या शिफारशीनुसार प्रौढांना वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. नियमित वजनं उचलणाऱ्यांची गरज याहून जास्त असते. पण भात-भाकरी पूर्ण तोडून फक्त प्रोटीन खाल्लं, तर शरीर त्यातलं बरंचसं ऊर्जेसाठी जाळतं. म्हणजे घर बांधायला आणलेलं लाकूड चुलीत घालण्यासारखंच.

त्यामुळे डाळ, दही, अंडी, मासे, शेंगदाणे ताटात असू द्या, पण भाताला शत्रू समजू नका. आणि कुठल्याही डब्यावर मोठं नाव दिसलं, तरी आत काय आहे ते आधी वाचा.