केशवराव दाते

केशवराव दाते (सप्टेंबर १८८९ – १३ सप्टेंबर १९७१) हे मराठी रंगभूमी आणि मराठी-हिंदी चित्रपटांतील ख्यातनाम अभिनेते होते. संगीत नाटकांच्या वैभवकाळात त्यांनी गद्य नाटकांत नाव मिळवले आणि पुढे बोलपटांत चरित्र-अभिनेते म्हणून ते ओळखले गेले.

रंगभूमी

दाते यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील आडिवरे येथे झाला. १९०७ च्या सुमारास त्यांनी महाराष्ट्र नाटक मंडळीत प्रवेश केला. ही मंडळी गद्य नाटके करीत असे. त्यामुळे नटाला गाण्याचा आधार नसे, सारी भिस्त वाणी व अभिनयावर असे. तत्कालीन प्रथेनुसार आरंभी त्यांनी स्त्रीभूमिका केल्या. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ नाटकातील त्यांची महत्त्वाकांक्षी आनंदीबाई विशेष गाजली.

१९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक रंगभूमीवर आणले. दाते या संस्थेशी निगडित होते. नॉर्वेजियन नाटककार ब्यर्नसन यांच्या कृतीवर आधारित या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. स्त्रीवेषात कीर्ती मिळवलेल्या दाते यांनी अशा प्रकारे ती प्रथा मागे टाकणाऱ्या वास्तववादी रंगभूमीलाही साथ दिली.

चित्रपट

प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अमृतमंथन’ (१९३४) या चित्रपटाच्या मराठी आवृत्तीत त्यांनी राजगुरूची भूमिका केली. हिंदी आवृत्तीत ती चंद्रमोहन यांनी साकारली. व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘कुंकू’ (१९३७) मधील काकासाहेब ही त्यांची सर्वांत स्मरणीय भूमिका होय. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर हा चित्रपट आधारित आहे. विधुर वकील काकासाहेबांचा फसवणुकीने तरुण नीराशी विवाह होतो आणि नीरा (शांता आपटे) हे लग्न मान्य करण्यास ठाम नकार देते. काकासाहेबांना केवळ खलपुरुष न ठरवता दाते यांनी त्यांचा अहंकार, एकाकीपणा आणि पश्चात्ताप क्रमाक्रमाने उलगडला. त्यामुळे जरठकुमारी विवाहाचा निषेध तर बोथट झाला नाहीच, शिवाय अपराधी माणसाची शोकांतिकाही प्रेक्षकांपर्यंत पोहोचली. ‘दुनिया न माने’ या हिंदी आवृत्तीतही त्यांनी हीच भूमिका केली.

शांताराम यांच्या पुढील चित्रपटांतही ते दिसले. ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६) मध्ये ते नायकाचे वडील, तर ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) मध्ये नृत्यगुरू मंगल महाराज होते.

सन्मान

मराठी रंगभूमीवरील अभिनयासाठी त्यांना १९६४ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला.