रसिकांच्या प्रेमाचे ओझे

कलावंताला चाहते मोठा करतात हे खरे; परंतु त्याच्या कलेच्या नव्या वाटाही कधी कधी तेच अडवून धरतात. नारायण श्रीपाद राजहंस उर्फ बालगंधर्व यांचे चरित्र याची साक्ष देते.

१८८८ साली जन्मलेले बालगंधर्व १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले व १९१३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. त्यांच्या स्त्रीभूमिकांनी महाराष्ट्राला वेड लावले; त्यांच्या वेशभूषेचे अनुकरण घरंदाज स्त्रियाही करू लागल्या. हे वेड लोककार्यासही उपकारक ठरले. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले यांच्यासमवेत संयुक्त ‘मानापमान’ रंगला, तेव्हा दोन्ही मंडळींच्या चाहत्यांची चुरस देशकार्याच्या कामी आली.

परंतु याच प्रेमाची दुसरी बाजूही होती. ‘वन्समोअर’च्या हट्टापायी एकच पद पुनःपुन्हा गायिले जाई, नाटक रात्रभर लांबे आणि नाट्य मागे पडून मैफल तेवढी उरे. सकाळी कचेरी गाठणाऱ्या कारकुनाला असे जागरण परवडणारे नव्हते. मग हेदवीसारख्या सागरकाठच्या गावातील रसिकाने ती मैफल गाठावी कशी? बोलपटाने हे अंतर तोडता आले असते. १९३५ मध्ये ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त शांतारामांनी बालगंधर्वांना संत एकनाथांची भूमिका दिली. पण भामिनी आणि रुक्मिणीवर लुब्ध झालेल्या प्रेक्षकांना पुरुषवेषातील बालगंधर्व रुचले नाहीत. कॅमेऱ्यासमोर समोरच्या रसिकाची दाद नाही, हेही त्या गायकाला मानवले नसावे. ते सहकार्य त्या एका चित्रपटावरच संपले.

‘आंधळ्यांची शाळा’ने १९३३ मध्येच स्त्रीभूमिकांसाठी स्त्रिया रंगभूमीवर आणल्या होत्या. तरीही बालगंधर्व उतारवयात पुन्हा शालूशेल्यांकडे वळले. वैभवशाली नेपथ्याच्या हौसेने वाढलेले कर्ज पाठीशी होतेच. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण लाभले. १५ जुलै १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.

या शोकांतिकेचा सारा दोष प्रेक्षकांवर टाकणे अन्यायाचे होईल. कर्जाचा व्यवहार आणि काळाची चाहूल ही कलावंताचीही जबाबदारी असते. तथापि आवडत्या कलेचा प्रसार व्हावा असे ज्यांना वाटते, त्यांनी नवागत प्रेक्षकाला जागा करून दिली पाहिजे आणि कलावंताला रूप बदलण्याची मुभाही दिली पाहिजे. टाळ्यांनी कलावंत उभा राहतो. त्याच टाळ्यांनी त्याला जागचे हलू न देणे ही रसिकता नव्हे.