माळ्यावरची पेटी आणि लिबाची गिटार

मैत्रिणींनो, खरं सांगते, इंग्रजी गाणी ऐकणारी मी नव्हे. मागे भाची राहायला आली होती. मी मटार सोलत बसले होते आणि तिच्या मोबाइलवर कुणी म्हातारी बाई गात होती. सोबतीला एकच गिटार, बाकी काही नाही. दोन गाण्यांच्या मध्ये ती मजेत गप्पा मारायची, श्रोते हसायचे आणि मग तिच्याबरोबर गायचे. मैफल कसली, ओसरीवर शेजारणी जमल्यासारखंच वाटत होतं. शब्द फारसे कळले नाहीत, पण मटार बाजूला राहिले.

ती होती एलिझाबेथ कॉटन. सगळे तिला लिबा म्हणत. भाचीने तिची गोष्ट सांगितली, मग मी स्वतः आणखी वाचून काढली.

लिबाचा जन्म १८९३ सालचा, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातला. घर कृष्णवर्णीयांचं, परिस्थिती बेताची. भाऊ घरात नसला की ही त्याचा बँजो हळूच काढून वाजवायची. शिकवणारं कुणी नाही आणि त्यात पोर डावखुरी. मग वाद्य उलटं धरायचं! पुढे गिटारही तिने तशीच उलटी धरली, तारा न बदलता. त्यामुळे इतरांचा अंगठा जे काम करतो ते तिची बोटं करायची आणि सूर अंगठ्यातून निघायचा. आज गिटार शिकणारे या ढंगाला तिच्याच नावाने ओळखतात.

ती गिटार कशी आली माहितेय? शाळा सोडून लिबा लोकांच्या घरी कामाला जाऊ लागली. पगार महिन्याला पाऊण डॉलर आणि गिटारची किंमत पावणेचार डॉलर. म्हणजे पाच महिन्यांची कमाई! त्याच कोवळ्या वयात, घराजवळून जाणाऱ्या मालगाडीवर तिने ‘फ्रेट ट्रेन’ हे गाणं रचलं.

सतराव्या वर्षी लग्न झालं, मुलगी झाली. चर्चमधल्या मोठ्या माणसांनी सांगितलं की असली गाणी वाजवणं बरं नव्हे. हळूहळू गिटार सुटली. थोडीथोडकी नाही, पुढची कितीतरी वर्षं सुटली. राहिली फक्त धुणीभांडी, स्वयंपाक.

इथे वाचताना मला आमच्या माळ्यावरची पेटी आठवली. लग्नात माहेराहून आणलेली. मला तर कुणी वाजवू नकोस असं म्हटलंही नव्हतं. आज पाहुणे, उद्या मुलांची परीक्षा, परवा सासूबाईंचं आजारपण, असं करता करता ती माळ्यावर गेली. त्याला तीस वर्षं झाली.

लिबा पुढे वॉशिंग्टनला आली. एका मोठ्या दुकानात कामाला असताना तिथे हरवलेली एक चिमुरडी तिने आईकडे पोचवली. ती आई म्हणजे संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर, आणि मुलगी पेगी. त्या ओळखीतून लिबा सीगरांच्या घरी कामाला लागली. घर सगळं गाण्याबजावण्याचं, भिंतीवर गिटार टांगलेली. एक दिवस कुणी नाही असं पाहून तिने ती उतरवली आणि वाजवू लागली. पेगीने ऐकलं आणि थक्कच झाली. रोज स्वयंपाकघरात वावरणारी बाई एवढी मोठी कलावंत!

पेगीचा भाऊ माइक याने लिबाच्या घरी जाऊन तिचं वादन टेप केलं. १९५८ मध्ये तिची पहिली रेकॉर्ड निघाली. दरम्यान पेगीने इंग्लंडात गायलेलं ‘फ्रेट ट्रेन’ तिथे दुसऱ्याच दोघांच्या नावावर गाजलं होतं. बाईच्या कष्टावर दुसऱ्याचं नाव, ही गोष्ट तिथेही काही वेगळी नाही! सीगरांच्या मदतीने लिबा त्यासाठी भांडली आणि त्या गाण्यावर तिचं नाव लागलं.

१९६० साली ती पहिल्यांदा मंचावर बसली, वय सदुसष्ट! त्यानंतर ती गावोगावी वाजवत राहिली. त्या कमाईतून तिने सिराक्यूज शहरात स्वतःचं घर घेतलं. १९८५ मध्ये तिच्या मैफिलींच्या रेकॉर्डला ग्रॅमी मिळालं, तेव्हा ती ब्याण्णव वर्षांची होती. १९८७ मध्ये ती गेली.

अशा गोष्टी ऐकल्या की आपण म्हणतो, बघा, उशीर कधीच होत नाही. मला तसं म्हणवत नाही. लिबाला उशीर झालाच. मधल्या वर्षांत तिने काय काय रचलं असतं, ते कुणालाच ऐकायला मिळणार नाही. पण भिंतीवरची गिटार उतरवली तेव्हा तिच्यासमोर ना मंच होता, ना ग्रॅमी. घरात कुणी नव्हतं आणि तिला वाजवावंसं वाटलं, एवढंच.

भाची गेल्यावर मी ह्यांना स्टूल धरायला लावून पेटी खाली काढली. भाता फाटलाय, तीन पट्ट्या उठतच नाहीत. दुरुस्त करणारे तालुक्याच्या गावी आहेत. ते म्हणाले, पंधरा दिवस लागतील. मी म्हटलं, लागू देत. तोवर रोज दुपारी भांडी आवरली की ओट्यावर बोटं फिरवून बघते. सारेगम अजून बोटांत आहे हो!