एका कडीने घडवलेली भेट

आमच्या प्रोजेक्टचा विषय ऐकून हॉस्टेलवर सगळे हसले होते. घरी बांधता येईल अशा दोन सीटच्या विमानाची कॅनॉपी, म्हणजे पायलटच्या डोक्यावरचं पारदर्शक छत, आणि त्याची कडी. कडी ती काय, जालन्याच्या बाजारातून आणू, असं मीच म्हणालो होतो. समोरचा वारा छत दाबूनच धरणार, हा माझा हिशोब!

सरांनी गणित करायला लावलं. फुगीर छतावरून हवा वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो आणि छत वर ओढलं जातं. ताशी 180 कि.मी. वेगाला ही ओढ साधारण 60 किलोची निघाली. दीडपट धरून 90. आम्ही सांगाडा उलटा करून छतात बियाण्यांच्या पिशव्या रचल्या. 70 किलोलाच खिट्टी वाकली अन् छत धाडकन उघडलं. हे आकाशात झालं असतं तर? त्या रात्री मला झोप नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी एक नाव सांगितलं, डॉ. विष्णू माधव घाटगे. मी वाचत गेलो.

घाटगे 1908 सालचे, मराठी माणूस. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी 1936 मध्ये डॉक्टरेट मिळवली. जिथे माझं चुकलं, तेच हवेचं शास्त्र ते तिथे शिकले. परत आले तेव्हा देशात विमानाचा कारखानाच नव्हता. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर 1940 मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू केली आणि घाटगेंना काम मिळालं. आधी महायुद्धाच्या काळात दहा माणसांचं ग्लायडर, त्याला इंजिनच नाही. मग ऑगस्ट 1951 मध्ये एचटी-2 उडालं, स्वतंत्र भारतात आरेखन होऊन तयार झालेलं पहिलं विमान. हवाई दलाचे कित्येक वैमानिक त्यावर शिकले. 1958 मध्ये फ्लाइंग क्लबांसाठी छोटं पुष्पक आलं, 1964 मध्ये जेट ट्रेनर किरण. 1965 साली पद्मश्री मिळाली. 1991 मध्ये ते गेले.

मला भावला तो हा क्रम. ग्लायडर, ट्रेनर, मग जेट. एकही पायरी गाळलेली नाही. मी मात्र पहिलीच पायरी गाळून बाजारात निघालो होतो.

आम्ही कडी पुन्हा केली. पुढे-मागे दोन आकडे, एकच हँडल. हँडल मधल्या रेषेपलीकडे जाऊन बसतं, त्यामुळे ओढ वाढली की पकड घट्ट होते. शिवाय एक वेगळा खटका. अपघात झाला तर बाहेरूनही उघडता यावी, ही सोय केली. पुन्हा पिशव्या रचल्या. 90 किलो झाले, कडी हलली नाही.

ती वर्कशॉपच्या कपाटात आहे. कुणाला बघायची असेल तर जरूर या. वाकलेली खिट्टीही शेजारीच ठेवली आहे.