शहराची नाडी पाहणारे प्राध्यापक : पॅट्रिक गेडेस



जुनी चाळ पडते, तिथे टॉवर उभा राहतो. शहर बदलतंय हे आपल्या सगळ्यांनाच दिसतं. पण ते का बदलतंय आणि त्याची झळ कुणाला बसते, हे कसं शोधायचं? ती रीत शिकवणाऱ्या पॅट्रिक गेडेस यांची आज ओळख करून घेऊया.

त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमध्ये झाला. मूळ विषय जीवशास्त्र. १८७९ मध्ये मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. ती परत आली, पण सूक्ष्मदर्शकावर तासन् तास काम करणं आता जमेना. हळूहळू त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला माणसांचं शहर.

१८८६ मध्ये लग्न झाल्यावर ते आणि पत्नी ॲना एडिंबरा शहरातल्या जुन्या, दाटीच्या वस्तीत राहायला गेले. शेजाऱ्यांना सोबत घेऊन त्यांनी घरांची साफसफाई आणि डागडुजी सुरू केली. पुढे १८९२ मध्ये त्यांनी तिथला एक मनोरा घेतला. गच्चीवरून आधी शहर पाहायचं, मग एकेक मजला उतरत आपलं शहर, देश आणि जग समजून घ्यायचं. नकाशांची शाळाच म्हणा ना!

१९१४ मध्ये ते भारतात यायला निघाले. त्यांचे नकाशे आणि चित्रं दुसऱ्या जहाजाने येत होती. ते जहाज जर्मन युद्धनौका एमडेनने बुडवलं. आयुष्यभराचा संग्रह गेला! तरी मित्रांच्या मदतीने नवा संग्रह जमवून १९१५ मध्ये त्यांनी मद्रासला प्रदर्शन भरवलंच.

त्या काळी दाट वस्ती दिसली की सरळ रुंद रस्ता आखून घरं पाडायची, असा खाक्या होता. गेडेस यांचा त्याला विरोध होता. पाडलेल्या घरातली माणसं शेजारच्या वस्तीत जातात आणि तिथली गर्दी वाढते, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून आधी गल्लीबोळ पायी फिरायचे, घर, विहीर, झाड नकाशावर नोंदायचं आणि मग गरजेपुरतंच पाडायचं. डॉक्टर नाडी पाहूनच औषध देतात ना, तसंच.

१९१७ मध्ये मोठा मुलगा युद्धात गेला, पत्नीही गेली. तरी ते काम करत राहिले. इंदूरला त्यांनी दिवाळीची मिरवणूक ज्या वाटेवर घरं सर्वांत स्वच्छ असतील तिथूनच नेली. मग काय, शहर झाडायला सगळेच पुढे आले!

१९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. एका तरुणाला त्यांनी मुंबई शहरावरच निबंध लिहायला सांगितला. मालवणचा तो तरुण म्हणजे पुढे नावाजलेले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये! गेडेस १९२४ मध्ये फ्रान्सला गेले आणि १७ एप्रिल १९३२ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं.

आता आपल्यासाठी एक उपक्रम. मुलांना शाळेच्या परिसराचा नकाशा काढू द्या. आजी-आजोबांना विचारून पन्नास वर्षांपूर्वीचा दुसरा काढू द्या. दोन्ही शेजारी ठेवा. विहीर कुठे गेली? तिथली माणसं कुठे गेली? उत्तर लगेच सांगू नका, मुलांना शोधू द्या. भूगोलाचा खरा तास तिथेच सुरू होतो.