हॉक्स्टनचे वैद्य : जेम्स पार्किन्सन

जुन्या लंडन शहराच्या वेशीबाहेर उत्तरेकडे हॉक्स्टन नावाची वस्ती होती. अठराव्या शतकाच्या मध्यास तिथे मोकळी शेते आणि बागा दिसत. पुढच्या पन्नास वर्षांत कारखान्यांत राबणाऱ्या गरिबांची दाटी झाली आणि हॉक्स्टनचे रूप पालटून गेले. या वस्तीच्या चौकातील पहिल्या क्रमांकाच्या घरात जॉन पार्किन्सन हे वैद्य राहत. रोग्याला तपासणे, औषध कुटून देणे, जखमा बांधणे, सारे काही ते त्याच घरातून करीत. त्यांचे पुत्र जेम्स यांचा जन्म ११ एप्रिल १७५५ रोजी झाला. जेम्स यांनी आयुष्याचा बहुतेक काळ याच परिसरात घालवला आणि वैद्यकीही इथेच केली.

वडिलांच्या हाताखाली उमेदवारी करीत जेम्स शिकले. १७७६ मध्ये त्यांनी लंडन हॉस्पिटलमध्ये सहा महिने काम केले. पुढच्याच वर्षी, गळफास घेतलेल्या एका माणसाला शुद्धीवर आणल्याबद्दल एका परोपकारी संस्थेने त्यांना रौप्यपदक दिले. १७८४ मध्ये शल्यवैद्य म्हणून मान्यता मिळाल्यावरही त्यांनी शिक्षण थांबवले नाही. वयाच्या तिसाव्या वर्षी ते जॉन हंटर या विख्यात शल्यचिकित्सकाची व्याख्याने ऐकायला जात आणि प्रत्येक व्याख्यान लघुलिपीत उतरवून घेत. त्यांच्या मृत्यूनंतर, १८३३ मध्ये, त्यांच्या मुलाने ही टिपणे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली.

पार्किन्सन केवळ वैद्यकीत रमणारे नव्हते. फ्रान्समधील १७८९ च्या क्रांतीनंतर इंग्लंडमध्येही सामान्य माणसाला मताधिकार मिळावा अशी मागणी होऊ लागली. पार्किन्सन त्या चळवळीत शिरले. ‘ओल्ड ह्यूबर्ट’ या टोपणनावाने त्यांनी सरकारवर टीका करणाऱ्या पुस्तिका लिहिल्या. १७९४ मध्ये त्यांच्या काही सहकाऱ्यांवर राजाला विषारी बाणाने मारण्याच्या कटाचा आरोप आला. पार्किन्सन यांना राजाच्या सल्लागार मंडळासमोर शपथेवर जबानी द्यावी लागली आणि पंतप्रधान विल्यम पिट यांच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागले. त्या काळी अशा प्रकरणात मान अडकली तर जीवही जाऊ शकत होता. पार्किन्सन सहीसलामत सुटले. पुढे राजकारणातून त्यांनी हळूहळू अंग काढून घेतले.

आपली लेखणी मात्र त्यांनी खाली ठेवली नाही. सामान्य कुटुंबांना आजार ओळखता यावेत म्हणून त्यांनी १७९९ मध्ये सोप्या भाषेत ग्रंथ लिहिला. दगडांत सापडणाऱ्या प्राचीन जीवांच्या अवशेषांचा, म्हणजे जीवाश्मांचा, त्यांना विलक्षण नाद होता. त्यावर त्यांनी १८०४ ते १८११ या काळात तीन खंड प्रसिद्ध केले. १८०७ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेची स्थापना झाली, तेव्हा संस्थापकांत तेही होते. त्यांच्या हयातीत लोक त्यांना ओळखत ते मुख्यतः जीवाश्मांचे अभ्यासक म्हणून. ज्या रोगामुळे आज त्यांचे नाव जगभर घेतले जाते, त्यावरील त्यांचे लेखन तेव्हा फारसे कोणी वाचलेही नव्हते.

ते लेखन म्हणजे १८१७ साली प्रसिद्ध झालेला ६६ पानांचा एक निबंध. त्यावेळी पार्किन्सन ६२ वर्षांचे होते. निबंधात त्यांनी केवळ सहा रुग्णांची हकिकत दिली आहे. पहिला माळीकाम करणारा. दुसरा आणि तिसरा पार्किन्सन यांना रस्त्यात भेटले. त्यांची चाल आणि वाकलेले शरीर पाहून पार्किन्सन यांचे लक्ष वेधले गेले आणि त्यांनी विचारपूस केली. पाचव्या रुग्णाला तर त्यांनी केवळ दुरून पाहिले होते. या गृहस्थाला चालायचे झाल्यास सेवक समोर उभा राहून त्यांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवी. थोडे मागेपुढे डोलून तोल सावरला की ते इशारा देत आणि एकदम धावत सुटत. सेवकही चपळाईने पुढे पळे, कारण वीसेक पावलांनंतर ते कोसळण्याच्या आत त्यांना झेलायचे असे.

हात कापणे, वाकून चालणे, पावले अनावर होणे ही लक्षणे आधीच्या वैद्यांनी पाहिली नव्हती असे नाही. मात्र ती सुटी सुटी पाहिली जात आणि अनेकदा म्हातारपणाच्या खात्यावर जमा होत. पार्किन्सन यांनी त्यांना एका सूत्रात ओवले. त्यांनी दाखवले की हा कंप हात स्वस्थ असताना येतो. मद्यपींचा किंवा वार्धक्यातील कंप वेगळा. रोग इतक्या हळू येतो की तो केव्हा सुरू झाला हे रुग्णालाही सांगता येत नाही. आधी एक हात थरथरतो, पुढे दुसरा. लिहिणे कठीण होते, घास तोंडापर्यंत नेणे कठीण होते, झोप मोडते, बद्धकोष्ठ जडतो. शरीर पुढे झुकते आणि चालता चालता माणूस नकळत धावू लागतो.

त्यांचे काही अंदाज चुकले. रोगाचे मूळ मानेतील मज्जारज्जूच्या वरच्या भागात असावे असे त्यांना वाटले आणि म्हणून त्यांनी मानेतून रक्त काढण्याचा उपाय सुचवला. रुग्णाची बुद्धी शाबूत राहते, असेही त्यांनी लिहिले. आज आपल्याला ठाऊक आहे की काही रुग्णांत पुढे स्मरणशक्तीवरही परिणाम होतो. तथापि, आपल्याला शवविच्छेदनाची संधी मिळाली नाही, हा केवळ तर्क आहे, हे त्यांनी निबंधातच कबूल केले आणि इतरांनी शोध पुढे न्यावा अशी विनंती केली.

अनेक वर्षांनी पॅरिसचे ज्याँ-मार्तें शार्को यांनी या निबंधाचे महत्त्व ओळखले. काही रुग्णांत कंप नसतोच आणि स्नायूंचा ताठरपणा व हालचालींतील मंदपणा ही वेगळी लक्षणे आहेत, असे त्यांनी दाखवले. रोगाला पार्किन्सन यांचे नाव त्यांनीच दिले. मेंदूतील एका काळसर भागातील पेशी या रोगात नष्ट होतात, हे १९१९ मध्ये कळले. १९६० मध्ये व्हिएन्नातील संशोधकांनी दाखवले की अशा रुग्णांच्या मेंदूत डोपामीन हे द्रव्य फार कमी असते. ते भरून काढणारे लेव्होडोपा हे औषध १९६७ पासून परिणामकारक रीतीने दिले जाऊ लागले. हेच द्रव्य मद्रासच्या दोन संशोधकांनी १९३७ मध्येच खाजकुइलीच्या बियांतून वेगळे केले होते. आपल्याकडील वैद्य या बिया कंपवातावर वापरत आले आहेत. मात्र तिच्या चूर्णात द्रव्याचे प्रमाण कमीजास्त असते, त्यामुळे मनाने ते घेणे धोक्याचे आहे.

हा रोग आजही समूळ बरा होत नाही, पण आटोक्यात ठेवता येतो. अक्षर बारीक होत जाणे, वास न येणे, एक हात न हलवता चालणे, चेहरा भावहीन दिसणे, बटण लावायला वेळ लागणे, ही लक्षणे दिसली तर वय झाले म्हणून सोडून न देता मज्जाविकारतज्ज्ञाकडे जावे. औषध ठरलेल्या वेळीच घ्यावे लागते. ते एकाएकी बंद केल्यास जिवावर बेतू शकते. रोजचा व्यायाम, घरात पुरेसा उजेड आणि पायाखाली न सरकणाऱ्या सतरंज्या यांचे मोल औषधाइतकेच आहे. घरच्यांनी घाई न करणे हेही त्यात आले.

पार्किन्सन यांच्या निबंधातील सहाव्या रुग्णाला एके रात्री पक्षाघात झाला होता. त्याची उजवी बाजू लुळी पडली आणि तेवढ्या काळापुरता त्या बाजूचा कंपही थांबला. ताकद परतली तसा कंपही परतला. पार्किन्सन यांनी हे बारकाईने नोंदवले. सात वर्षांनी, डिसेंबर १८२४ मध्ये, स्वतः त्यांनाच पक्षाघाताचा झटका आला. उजवे अंग गेले, वाचाही गेली. आज तोंड वाकडे होताच, हात उचलेनासा होताच किंवा बोलणे अडखळताच रुग्णाला तातडीने मोठ्या रुग्णालयात नेले, तर गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आत देता येते. त्या वेळी असे काहीच नव्हते. २१ डिसेंबर रोजी त्यांचे निधन झाले.

पार्किन्सन यांचे एकही खात्रीचे चित्र उपलब्ध नाही. त्यांचे म्हणून काही ठिकाणी छापली गेलेली छायाचित्रे त्याच नावाच्या दुसऱ्या माणसांची आहेत. छायाचित्रणाची कला लोकांपर्यंत पोहोचली तीच मुळी त्यांच्या मृत्यूनंतर. हॉक्स्टन चौकातील त्या पहिल्या क्रमांकाच्या जागेवर त्यांच्या नावाचा एक निळा फलक लावलेला आहे.